हजबंड या शब्दाचा रोजचा वापर

"हजबंड." रूथबाईंनी फळ्यावर शब्द लिहिला आणि हाताची खडूची भुकटी झटकली. "आज याची भावंडं सांगायची. मग रोजचा वापर. चला, कोण सुरुवात करतंय?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. सकीनाभाभीनं तर पदरच तोंडात कोंबला. चारचौघींत हा शब्द निघाला की बायकांना हसू येतंच, लग्नाला किती का वर्षं झालेली असेनात.

ही नगरची गोष्ट. आमची गल्ली ट्रकवाल्यांची. कुणाचा नवरा ड्रायव्हर, कुणाचा मेकॅनिक, आणि आमचे हे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून, म्हणजे त्या गल्लीपुरते साहेबच. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून रूथबाई साळव्यांचं घर होतं. बाई ख्रिस्ती, विधवा, मूलबाळ नाही. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारची भांडी घासून झाली की आम्ही त्यांच्या ओसरीवर शिकायला जायचो. फी काही घेत नसत, पण उशीर झाला की असं बोलायच्या की त्यापेक्षा फी परवडली असती.

त्यांची शिकवायची तऱ्हा निराळीच होती. रोज एक नाम. त्याच अर्थाचे दुसरे शब्द म्हणजे त्याची भावंडं. शेवटी रोजचा वापर, म्हणजे प्रत्येकीनं आपल्या घरातलं एक वाक्य इंग्रजीत करायचं. वाक्य खरं असलं पाहिजे ही अट. एकदा मी ऐटीत "माय हाउस हॅज अ गार्डन" म्हटलं, तर बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठे आहे ग बाग? चल, मला दाखव." आमच्याकडे तुळशीची एक कुंडी होती. वाक्य बदलून घेतल्याशिवाय त्यांनी मला घरी सोडलं नाही.

"स्पाउज," मी म्हटलं. मी मॅट्रिक होते, त्यामुळे पहिलं उत्तर माझंच असायचं आणि त्याचा मला जरा माजही होता.

"पार्टनर, मेट," बाईंनी भर घातली. "आणि हबी."

"हबी?" सकीनाभाभी म्हणाली. "हे काय, पाळण्यातलं नाव वाटतं."

"लाडानं म्हणतात."

"लाड करायला माणूस शुद्धीत पाहिजे ना, बाई. आमचे गॅरेजमधून येतात, जेवतात, की घोरायला लागतात."

बाई सहसा हसत नसत, पण तेव्हा हसल्या. "बरं, आता मराठीतली भावंडं. घरात रोज काय म्हणता ते."

मग काय विचारता. नवरा, मालक, धनी, कारभारी, मिस्टर, यजमान, घरवाले, हे, अहो, ऐकलं का. सकीनाभाभीनं 'शौहर' सांगितलं आणि लगेच कबूलही केलं की हा शब्द तिनं निकाहाच्या दिवशी ऐकला तेवढाच, एरवी 'अजी सुनते हो'वर भागतं. गिरिजा म्हणाली, "आमच्यात अव्याचे पप्पा." बाईंनी सगळे शब्द उतरवून घेतले. फळा भरून गेला. त्या दोन पावलं मागं सरकून बघत राहिल्या.

"एवढी नावं," त्या म्हणाल्या, "आणि त्या बिचाऱ्याचं स्वतःचं एक नाही यात."

आता गिरिजेची पाळी येणार हे आम्हाला कळलं. तीही ओळखून खाली बघायला लागली.

गिरिजा खेडकर आणि मी भिंतीला भिंत लावून राहायचो. तिचा नवरा भागवत ड्रायव्हर. उंचापुरा, हसरा माणूस. गल्लीतल्या पोरांना केबिनमध्ये बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आणायचा. मात्र स्वतःच्या पोराला, अव्याला, त्यानं कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. अव्यानं इंग्रजी शाळेत जायचं, साहेब व्हायचं, हे त्यानं पक्कं ठरवलेलं. शाळेचा फॉर्म भरून झाला होता. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, आणि तिथल्या सिस्टर आईलाच प्रश्न विचारतात अशी ख्याती होती. तुम्ही कुठं राहता, मुलगा काय खातो, तुमच्या मिस्टरांचं नाव काय, ते काय करतात. गिरिजेचं सगळं घोटून पाठ होतं. फक्त मिस्टरांचं नाव आलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. भागवत त्या वर्गाच्या आदल्या संध्याकाळी कांदे भरून माळशेज घाटानं कल्याणला निघाला होता. जाताना त्यानं आमच्या दारातून मला ओरडून सांगितलं होतं, "वहिनी, तेवढं हिच्याकडून माझं नाव वदवून घ्या!"

नाव न घेण्याची रीत आम्हा सगळ्यांचीच होती. मीसुद्धा ह्यांना 'हे'च म्हणते, आजतागायत. पण गिरिजेच्या घरात ती नुसती रीत राहिली नव्हती. तिच्या थोरल्या दिराला शेतात साप चावला तेव्हा तो आणि थोरली जाऊ यांचं आदल्याच आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि भांडणात जावेनं त्याला नाव घेऊन हाक मारली होती. सासूनं ते धरून ठेवलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी थोरलीला माहेरी धाडून दिलं. तिची पोरगी मात्र ठेवून घेतली. ती पोरगी पुढं आजीपाशीच वाढली, आणि आई कुठं गेली म्हणून कुणी विचारलं तर ती सांगायची, "तिनं पप्पांना खाल्लं." सहा-सात वर्षांची पोर. मी माझ्या कानानं ऐकलंय.

"उखाण्यात घेतेस की नाव," रूथबाई म्हणाल्या.

"उखाण्यातलं चालतं, बाई. तिथं देव असतो, हळदीकुंकू असतं. नुसतं कोरडं नाव घेतलं की आयुष्य कमी होतं माणसाचं."

"मग उद्या सिस्टरना उखाणा घालणार आहेस का?"

सकीनाभाभी फिसकन हसली. गिरिजा नाही हसली. "बाई, मला नाय जमायचं. तुम्हाला माहितीय आमच्या आत्याबाई कशा आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर मला अव्याचं तोंड दिसायचं नाय."

रूथबाई फळ्यापासून हलल्या आणि आमच्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या. त्या कधी अशा खाली बसत नसत.

"साळवे गुरुजी गेले ना, तेव्हा मी इंग्रजीची बाई होते," त्या म्हणाल्या. "शाळेत पोरींना शेक्सपिअर शिकवत होते. गुरुजी शाळेत चक्कर येऊन पडले, त्यांना कुणीतरी परस्पर इस्पितळात नेलं. मी धावत गेले. खिडकीपाशी बसलेला माणूस म्हणाला, पेशंटचं नाव सांगा. मी म्हटलं, आमचे हे. तो म्हणाला, बाई, इथं सगळे कुणाचे ना कुणाचे हेच आहेत, नाव सांगा. तुम्हाला वाटतं आम्ही ख्रिस्ती, आमच्यात असलं नसेल. सगळं असतं. माझ्या तोंडून नाव येईना. मी बाहेर जाऊन दिराला शोधलं, त्याला घेऊन आले, त्यानं नाव सांगितलं. आत गेले तर चादर वर ओढलेली होती."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"त्यांना शुद्ध आली होती म्हणे. मी कुठे आहे म्हणून विचारत होते," बाई म्हणाल्या. "शांतवन. शांतवन साळवे. आता दिवसातून दहादा घेते. गिरिजा, उद्या तुझ्यावर अशी वेळ येईल असं नाही मी म्हणत. पण नवऱ्याचं नाव बाईच्या तोंडी तयार असावं."

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकाची कडी वाजली. आमचे हे उभे होते. ऑफिसच्या वेळेत हे कधी गल्लीत फिरकत नसत, आणि बायकांच्या वर्गाकडं तर चुकूनही बघत नसत. हातानं त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, गावाकडून तार आली. माझे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मी पायात चप्पलही न घालता फाटकापाशी गेले.

"बाबा?" मी विचारलं.

"नाही. भागवत." ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. "गाडी घाटात दरीत गेली. क्लीनरनं उडी टाकली, तो वाचला. त्याचाच फोन होता."

"भागवतदादा कुठाहेत?"

ह्यांनी मान हलवली. मला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "काल संध्याकाळीच गेलेत ते. एव्हाना कल्याणला पोचले असतील."

"टायर फुटलं म्हणून रात्रभर आळेफाट्याला पडून होते. सकाळी दुरुस्त करून, न्याहारी करून निघाले. क्लीनर सांगत होता, पिठलं-भाकरी खाल्ली. हसत होते म्हणाला. आणि मग घाटात ब्रेकच लागेनात." ह्यांनी डोळे पुसले. "तू तिला घरी घेऊन चल. रस्त्यात काही बोलू नकोस. तिच्या सासूकडं मी माणूस धाडलाय."

मी वळले. आणि नेमक्या त्याच वेळी ओसरीवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"माय हजबंड्स नेम इज भागवत खेडकर."



"पुन्हा," रूथबाई म्हणाल्या. "मोठ्यानं!"

"माय हजबंड्स नेम इज भागवत खेडकर! ही इज अ ड्रायव्हर!"

सकीनाभाभीनं टाळ्या पिटल्या. गिरिजा दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. लाजेनं तिचे कान लाल झाले होते. लग्नात नव्या नवरीचे होतात तसे. तिनं मला पाहिलं आणि ओरडली, "हेमा, घेतलं गं मी! घेतलं नाव! तू कुठं गेली होतीस? तुझ्यासमोर परत घेते, थांब."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. घरी चल, अव्या रडतोय, काहीही. गिरिजेची नजर माझ्यावरून मागं फाटकाकडं गेली. आमचे हे आत आले होते आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. तिचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"भाऊजी, तुम्ही कसे काय इथं?" ती म्हणाली. "गाडीचं काय झालं का?"

हे खाली बघत राहिले.

"लागलंय का त्यांना? फार लागलंय?" तिनं माझ्याकडं बघितलं. "हेमा, बोल की."

मी रडायला लागले. झालं, तेवढं पुरे होतं. मला वाटलं ती किंकाळी फोडेल, पडेल, म्हणून मी धरायला पुढं झाले. तिनं माझा हात झिडकारला. तिचा चेहरा अगदी कोरा झाला होता आणि ती एकच वाक्य परत परत म्हणत होती.

"मी नाव घेतलं. मी नाव घेतलं."

"नाही गं!" मी ओरडले. "तू नाव घ्यायच्या आधी मला कळलं होतं. हे फाटकात आले ना, तेव्हाच. तुझ्या नावानं काही झालेलं नाही, देवाशपथ सांगते."

"आत्ताचं नाय." ती माझ्याकडं बघत होती, पण मी तिला दिसत होते की नाही कुणास ठाऊक. "मी सकाळपासून घेतीय, हेमा. उजाडल्यापासून. चुलीपुढं बसून पाठ करत होते. आत्याबाई परसात गेल्या की म्हणायचे. भागवत खेडकर, भागवत खेडकर. भाकरी थापताना म्हटलं, भांडी घासताना म्हटलं. मला वाटलं, आज बाईंना चकित करावं."

सकाळी तो जिवंत होता. पिठलं-भाकरी खात होता, हसत होता. मी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी माझ्याकडं. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती आणि ती गिरिजेला कळता कामा नये, एवढंच मला सुचत होतं. पण तिला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतून आक्रोश ऐकू आला. गिरिजेची सासू केस मोकळे सोडून येत होती, छाती पिटत. "माझं लेकरू गेलं गं! दुसरंबी गेलं!" म्हातारी ओसरीच्या पायरीवर येऊन कोसळली. तिच्या मागं गल्लीतल्या बायका धावत आल्या. गिरिजा उठली आणि थेट सासूपुढं जाऊन उभी राहिली. तिनं हात जोडले. तिचं काय चाललंय ते मला कळेना, आणि मग कळलं. ती कबुली द्यायला निघाली होती.

"आत्याबाई, मी..." ती म्हणाली. "आज सकाळी मी यांचं..."

"रात्रीच गेलाय तो."

आवाज रूथबाईंचा होता. त्या फळ्यापाशी उभ्या होत्या, हातात खडू तसाच. सगळ्या बायकांनी माना वळवल्या.

"भागवत रात्रीच गेला," बाई म्हणाल्या. "मला पहाटेच कळलं होतं. एक गाडीवाला निरोप देऊन गेला. माझं घर रस्त्यावरचं पहिलं, म्हणून माझ्याकडं आला. म्हणाला, खेडकरांच्या घरी सांगा."

म्हातारीचं रडणंसुद्धा थांबलं.

"पहाटे?" गिरिजा म्हणाली. "म्हणजे उजाडायच्या आधी?"

"उजाडायच्या कितीतरी आधी."

"आन् तू सांगितलं न्हाईस?" म्हातारी पायरीवरून उठली. "तुला ठावं व्हतं आन् तू दिवसभर गप बसलीस? का गं, का?"

"उद्या मुलाखत होती," रूथबाई अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. "हिचा धडा कच्चा राहिला होता. म्हटलं, आजचा धडा होऊ दे, मग सांगू."

मी खरं सांगते, क्षणभर माझाही विश्वास बसला. ह्यांनी मला दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं होतं, तरी बसला. बाईंचा चेहरा असा दगडासारखा होता की ही बाई असं करूच शकेल असं वाटलं. मग पिठलं-भाकरी आठवली. माझ्याशेजारी ह्यांनी तोंड उघडलं. "पण बाई, क्लीनर तर..." एवढं म्हणाले असतील नसतील, मी त्यांचा दंड धरला. असा धरला की चार दिवस काळानिळा होता.

गिरिजा वळली. ती हळूहळू चालत फळ्यापाशी गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"माहीत होतं, आन् तुम्ही मला हसवलंत."

रूथबाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"माझ्यापुढं टाळ्या पिटू दिल्यात! त्यांचं मढं तिकडं पडलेलं आन् मी हितं दात काढत होते!" आणि तिनं बाईंना दोन्ही हातांनी ढकललं. बाई फळ्यावर आपटल्या, फळा खाली आला, चष्मा कुठल्या कुठं उडाला. गिरिजा त्यांच्या अंगावर धावून गेली, बुक्क्या मारायला लागली, आणि मारता मारता तिला एकदाचं रडू फुटलं. असं रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. चार बायकांनी तिला ओढून बाजूला केलं. सासूनं तिला कवेत घेतलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "उगी माझे बाय, उगी. त्या सटवीला देव बघून घेईल." सकीनाभाभीनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं उमगलं नव्हतं, पण इथं गप्प बसायचं एवढं तिला कळलं. गिरिजेनं नाव घेतल्याचं तिनं शेवटपर्यंत कुणापाशी काढलं नाही.

भागवतला दुसऱ्या दिवशी आणलं. क्लीनर जुन्नरकडचा होता, तो तिकडूनच गावी गेला आणि पुन्हा गाडीवर चढला नाही. कागदपत्रं सगळी ह्यांनीच केली. केव्हा घडलं म्हणून खेडकरांच्या घरी कुणी विचारलं, की हे म्हणायचे, "रात्रीच." आमचे हे एरवी भाजीवालीशीसुद्धा खोटं बोलत नसत.

रूथबाईंचं मात्र गल्लीत जगणं अवघड झालं. दूधवाल्यानं दूध टाकायचं बंद केलं. पोरं येता-जाता दारावर शेण मारायची, आणि मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करायची. त्यांच्या चर्चमधल्या बायकासुद्धा त्यांच्याशेजारी बसेनात. पंधरवड्यात त्यांनी घर विकायला काढलं आणि मिरजेला भाचीकडं जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी मी गेले, मागच्या दारानं, कारण पुढच्या दारानं जायची माझी छाती नव्हती. बाई ट्रंकेत पुस्तकं भरत होत्या. कपाळावरची खूण अजून गेली नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "मी सांगू का सगळ्यांना? निदान गल्लीला? गिरिजेला नाही सांगणार."

"गल्लीला सांगितलं की गिरिजेला किती वेळात कळेल?"

मला ते माहीत नव्हतं का? होतं. पण बाईंचं काय चाललंय ते बघवत नव्हतं.

"तिनं तुम्हाला मारलं," मी म्हटलं. "तुमच्या नावानं रोज बोटं मोडते ती."

"जेवते का?"

"काय?"

"गिरिजा. जेवते का ती?"

"जेवते," मी म्हटलं. "सासू भरवते तिला. अव्याला कुशीत घेऊन झोपते."

बाईंनी एक पुस्तक ट्रंकेत नीट बसवलं. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं बोटं मोडून माणूस जेवू शकतं, हेमलता. स्वतःच्या नावानं मोडायला लागलं की घास उतरत नाही. मला ठाऊक आहे ते."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते चालायचं नाही, पण त्या दिवशी त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

गिरिजा जगली. सासूनं तिला पोटच्या लेकीसारखं धरलं. दोघींनी मिळून ड्रायव्हर लोकांसाठी खानावळ काढली आणि चांगली चालवली. अव्या मराठी शाळेतच शिकला, डिप्लोमा केला आणि एमआयडीसीत लागला. म्हातारी गिरिजेच्या मांडीवर गेली. या सगळ्या वर्षांत रूथबाईंचा विषय निघाला नाही असा महिना गेला नसेल. कणीक मळताना गिरिजेला त्या आठवायच्या आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला की ती मोकळी व्हायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "चल, चहा टाकते." मी ऐकून घ्यायचे.

वीसेक वर्षांनी, मिरजेला कामाला असलेल्या सकीनाभाभीच्या मुलाकडून कळलं की रूथबाई गेल्या. मी ती बातमी घेऊन गिरिजेकडं गेले. ती खानावळीच्या मागच्या पडवीत मेथी निवडत बसली होती. आता ही काय काय बोलणार, याची मी मनाची तयारी करून गेले होते.

"गेली?" ती म्हणाली.

"गेल्या. झोपेतच."

ती मेथी निवडत राहिली. शिवी नाही, शाप नाही. मला भीती वाटायला लागली.

"हेमा," ती खाली बघूनच म्हणाली, "तुला एक विचारू? कधी कुणाला विचारलं नाय."

"विचार ना."

"ती म्हणाली, पहाटे गाडीवाला निरोप देऊन गेला. उजाडायच्या कितीतरी आधी." तिनं एक काडी मोडली. "त्या दिवशी आमच्याकडं पाणी आलं नव्हतं. मी अंधारात उठून तिच्याच अंगणातल्या हौदावर पाणी भरत होते. चांगलं फटफटेपर्यंत. मग घरी येऊन चूल पेटवली. तिचं दार बंद होतं, हेमा. कुणी आलं नव्हतं."

इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन बसली होती, आणि मी समजत होते की मीच काय ती गुपित सांभाळतेय.

तिनं मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "भाऊजींनी तुला फाटकात काय सांगितलं होतं? खरं सांग. कधी गेले ते?"

"रात्री," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. रात्रीच गेले होते ते. ह्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. गिरिजा माझ्याकडं बघत राहिली. ती काय शोधत होती आणि तिला काय सापडलं, मला सांगता यायचं नाही. मग तिनं मान हलवली.

"मग मी तिला शिव्या दिल्या त्या बरोबरच दिल्या," ती म्हणाली.

"बरोबरच दिल्यास."

"व्हय ना?" ती म्हणाली, आणि मेथीची जुडी छातीशी धरून, "बाई, बाई" म्हणत ओक्साबोक्शी रडायला लागली.